‘खालचा’ – जोडणीसाठी तयार

"माफ करा… पण ती खिडकीतून पडली, की उतरली?"

दार उघडल्या उघडल्या एखाद्या अनोळखी माणसाने तुम्हाला असं विचारलं, तर तुम्ही काय कराल? मी दार अर्धं लोटून घेतलं.

"नाही नाही, तसलं काही नाही!" तो घाईघाईने म्हणाला. "मी खालच्या मजल्यावर नवीन राहायला आलोय. ती मुलगी… जिला सासऱ्याने खोलीत कोंडलंय… ती खिडकीवर चढली, आणि नेमका तेव्हाच आवाज गेला हो!"

दहाही बोटांवर वाळलेला पांढरा गोंद. डाव्या भुवईवर लाकडाचा भुसा. आणि डोळ्यांत अगदी खरीखुरी काळजी – जणू ती मुलगी त्याची सख्खी बहीण होती.

आतून आत्याचा आवाज आला, "कोण आहे गं? टीव्ही दुरुस्त करणारा असेल तर आधी आत घे त्याला!"

तर झालं होतं असं.

नोकरीसाठी मी या शहरात आले तेव्हापासून आत्याकडेच राहते. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. आता तिचा सगळा जीव संध्याकाळी सातच्या मालिकेत. आणि आवाज एवढा मोठा, की जिन्यात भेटणारी माणसं तब्येत विचारायच्या आधी मालिकेतल्या सुनेची चौकशी करायची. म्हणून त्या दिवशी मी तिला बिनतारी इअरबड्स आणून दिले. ते टीव्हीशी जोडायचे, की आत्याला मालिका आणि इमारतीला शांतता!

डबी उघडी ठेवायची, मागचं बारीकसं बटण दाबून धरायचं, दिवा लुकलुकायला लागला की टीव्हीला शोधायला सांगायचं. मी सगळं अगदी कागदावर लिहिल्याप्रमाणे केलं. टीव्हीला एकाच नावाची दोन उपकरणं सापडली. मी वरचं निवडलं. ‘जोडले गेले,’ टीव्ही म्हणाला आणि मुका झाला. आत्याच्या कानातली बोंडं त्याहून मुकी!

"अगं, मी आयुष्यभर लोकांची जोडणी करून दिली," आत्या चिडून म्हणाली, "आणि घरात ही दोन बोंडं बोलेनात?"

बोलत होती. पण खालच्या मजल्यावर.

त्याने त्याच दिवशी त्याच कंपनीचे इअरबड्स आणले होते. फोनला जोडायचे म्हणून बटण दाबलं, दिवा लुकलुकला, बोंडं कानात घातली आणि फोन शोधेपर्यंत तो कामाला लागला. काम होतं इमारतींची लहान लहान मॉडेलं बनवायचं. बांधायच्या आधी ज्यांना आपलं घर, आपलं नाट्यगृह बघायचं असतं, त्यांच्यासाठी. एका इवल्याशा छपराला गोंद लावून त्याने ते दोन्ही हातांनी धरलं, आणि कानात एकाएकी कोणीतरी हुंदके द्यायला लागलं.

"मग काढून नाही ठेवायचे?" मी विचारलं.

"गोंद वाळेपर्यंत छप्पर सोडता येत नाही."

"एवढा वेळ?"

"गोंद तसा… केव्हाच वाळला होता," त्याने नजर खाली वळवली. "पण मग तिचा नवरा परदेशातून आला ना."

आत्या खुर्चीतून उठून कधी दारात आली, कळलंच नाही. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "उतरली," ती म्हणाली. "पन्हळीला धरून उतरली, सुखरूप आहे. तुम्ही खोलीबाहेर गेलात ना, तेव्हा तुमचं तुटलं असणार. आमचा टीव्ही एकदम गरजायला लागला, तो ऐकूनच वर आलात ना? पण त्याच्या आधीचं मी नुसतं बघितलं! सासरा काय म्हणाला तिला?"

"म्हणाला, या घराचा उंबरा ओलांडलास तर परत…"

"या, या, बसून सांगा!"

आणि दोघं बसली की समोरासमोर! आत्याकडे चित्र होतं, त्याच्याकडे आवाज होता. माझ्याकडे काय होतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी रिमोट घेऊन त्याचे इअरबड्स टीव्हीवरून काढायला गेले, तर पडद्यावर शब्द आले – ‘हे उपकरण विसरा’.

"विसरा म्हणे!" आत्या फिसकन हसली. "बटणाने विसरता आलं असतं तर काय हवं होतं?"

पुन्हा असा गोंधळ नको म्हणून त्यानेच दोन्ही जोड्यांना नावं द्यायचं सुचवलं. आत्याच्या जोडीचं नाव ‘आत्याबाई’. स्वतःच्या जोडीचं काय ठेवावं, यावर तो विचार करत होता, तेवढ्यात स्वयंपाकघरातून मी आत्याला विचारलं, "अगं, खालचा कॉफी घेणार आहे का?"

बाहेरून त्याचा आवाज, "खालचा घेणार आहे!"

नाव ठरलं.

*

दुसऱ्या दिवशी सातला आत्याने टीव्ही लावला. ‘आत्याबाई’ मुकाट्याने जोडल्या गेल्या. आणि त्यांच्या खाली, पडद्यावर, हळूच एक ओळ उमटली –

‘खालचा’ – जोडणीसाठी तयार.

आत्याने ती ओळ मोठ्यांदा वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरची नसलेली धूळ पुसली.

"चुकून दाबलं गेलं असेल बटण," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशीही चुकून दाबलं गेलं. चौथ्या दिवशीही. शेवटी आत्याने गॅलरीत जाऊन खाली हाक मारली, "अहो खालचे, रोज दारात उभं राहून खाकरण्यापेक्षा वर या!"

तो आला. आमचा टीव्ही एका वेळी एकाच जोडीशी संसार करणारा. मग आत्याने मोठ्या मनाने आपलं एक बोंड त्याला दिलं. ती दोघं एकेक बोंड कानात घालून शेजारी शेजारी बसत, एकाच वेळी दचकत, एकाच वेळी सुस्कारे टाकत. आणि मी पलीकडे बसून बिनआवाजाची मालिका बघायचे. खरं सांगू? मालिका नव्हतेच बघत. हसू आलं की त्याच्या उजव्या गालावर एक खळी पडायची, डाव्यावर नाही. तेवढंच बघायचे.

*

आता एक गोष्ट सांगायला हवी. माझा डावा कान बाहेरून फार चांगला आहे. त्यात डूल शोभून दिसतो. पण लहानपणी मला गालगुंड झालं होतं. ताप उतरला आणि जाताना डाव्या कानातलं सगळं ऐकू येणं घेऊन गेला. उजवा कान मात्र दोघांचं काम करतो.

हे फारसं कोणाला माहीत नाही. रस्त्याने चालताना मी माणसाच्या डाव्या हाताला राहते, म्हणजे तो माझ्या उजवीकडे येतो. जेवायला कोपऱ्यातली खुर्ची पकडते. फोनमध्ये एक सोय असते, दोन्ही कानांचे आवाज एकत्र करून एकाच कानात आणणारी. नवा फोन आला की मी आधी ती सुरू करते. आणि एवढं करूनही काही ऐकू आलं नाहीच, तर माझ्याकडे एक हसू आहे. कुठल्याही वाक्यावर चालतं!

एकदा मी खरं सांगून बघितलं होतं. स्थळ चांगलं होतं, मुलगा "काही हरकत नाही" म्हणालाही होता. दोन दिवसांनी त्याच्या मावशीचा फोन आला. "मुलगी गोड आहे हो. पण आमच्याकडे सारखा पाहुण्यांचा राबता… ऐकू यायला हवं ना!" मावशीबाईंचा शब्द न् शब्द मला स्वच्छ ऐकू आला. तेव्हापासून मी सांगणं सोडलं.

गंमत म्हणजे मी काम करते चष्म्याच्या दुकानात. दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे आणि सांगायचं, "अहो, दिसत नाही यात लाजायचं काय?"

एका दुपारी तोही आला. दुकानाच्या दारात उभा, हातात टोपी, चेहरा शाळेत उशिरा पोचलेल्या मुलासारखा.

"बारीक कामं करताना डोळे चुरचुरतात," तो म्हणाला. "तुम्ही… असता का इथे?"

"नाही. दुकान मला बघायला येतं."

मी त्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत बसवलं, ती जड गोल चौकट नाकावर चढवली आणि समोरची अक्षरं उजळली.

"सर्वात खालची ओळ वाचा."

"खालच्याला खालचीच ओळ?"

"वाचा."

त्याने वाचली. निम्मी चुकीची. मी काच बदलली. "ही बरी… की ही?"

"पुन्हा दाखवा."

"ही… की ही?"

"पुन्हा."

"अहो, एवढा वेळ नाही लागत कोणाला!"

"तुम्ही जवळ येता ना काच बदलायला," तो अगदी हळू म्हणाला. "म्हणून पुन्हा."

खोली अंधारी होती, ते बरं. मी उगाचच काचांच्या पेटीत शोधाशोध केली आणि हाताला आली ती काच बसवली. नशीब माझं – तीच बरोबर होती. त्याने मान वर केली आणि तसाच बघत राहिला.

"अरे! तुमच्या हनुवटीवर तीळ आहे."

"लहानपणापासून आहे."

"मग मी इतके दिवस काय बघत होतो?"

"आत्याची मालिका!"

तो एवढ्या मोठ्यांदा हसला की बाहेर चौकटी निवडणारं गिऱ्हाईक आत डोकावलं.

त्यानंतर तो माझ्या सुटण्याच्या वेळी दुकानाबाहेर उभा राहू लागला. नवा चष्मा चांगला बसलाय का, हे दाखवायला. चष्मा चांगला बसला होता. तरी तो रोज दाखवायचा.

*

बागेच्या बाकावर एकदा त्याने आपल्या फोनवर एक गाणं लावलं आणि आपली डबी माझ्यापुढे धरली. "दोन्ही घाला कानात. आणि डोळे मिटा. यात प्रत्येक वाद्य वेगळीकडून येतं. कोण कुठे बसलंय ते सांगायचं!"

मी दोन्ही बोंडं घातली. डोळे मिटले. उजवीकडे गिटार होती, तिच्यामागे कुठेतरी तबला. डावीकडे… भिंत.

"कशी वाटली बासरी? डावीकडची?"

बासरी. मी डोळे उघडले. तो इतक्या आशेने बघत होता, जणू बासरी त्यानेच वाजवली होती.

"छान," मी म्हणाले. आणि माझं ते हसू हसले.

घरी येऊन मी ते गाणं माझ्या फोनवर लावलं. दोन्ही बाजू एकत्र झाल्या, आणि बासरी माझ्या उजव्या कानात आली. आधी लाजत… मग मोकळी. ती कडव्याच्या शेवटी गिटारला काहीतरी विचारत होती आणि गिटार थांबून ऐकत होती. एवढं सगळं त्या बाकावर माझ्या शेजारी चाललं होतं, आणि मी छान म्हणून मोकळी झाले होते! मला फार वाटलं, खाली जावं आणि सांगावं. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलेही. मग मावशीबाईंचा आवाज आठवला आणि मी परत फिरले.

त्याच आठवड्यात रस्ता खणला.

आमच्या नेहमीच्या वाटेवर पाइप टाकायचे होते. फुटपाथच्या कडेला मातीचा ढीग, मधे खड्डा, त्यावर एक फळी. फळी ओलांडताना आमच्या बाजू बदलल्या. तो माझ्या डावीकडे आला. मी पुन्हा फिरून त्याच्या पलीकडे जायला बघत होते, पण माणसांची रीघ होती आणि समोरून बस येत होती, भोंगा वाजवत. रस्त्याच्या कडेला कॉफीचा गाडा होता. तिथे तो थांबला. मीही थांबले. बस गेली, धूळ खाली बसली, आणि मला दिसलं की तो माझ्याकडे बघतोय. ओठ नुकतेच मिटलेले. काहीतरी विचारून झालेलं.

कॉफी विचारली असणार, दुसरं काय!

"नको हो," मी म्हणाले, "माझं झालंय मघाशीच."

आणि ते हसू हसले.

त्याचा चेहरा… नव्या चष्म्यामागे त्याचे डोळे एकदा मिटले आणि उघडले. "अच्छा," तो म्हणाला. "बरं… बरं." घरापर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. मला वाटलं, थकला असेल.

*

दुसऱ्या दिवशी सात वाजले. आत्याबाई जोडल्या गेल्या. पडद्यावर त्यांच्या खाली काहीच उमटलं नाही.

"काम असेल," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशीही काम होतं. दुकानाबाहेर कोणी चष्मा दाखवायला उभं नव्हतं. एकदा जिन्यात भेटला, तर "कशा आहात?" विचारून उत्तराच्या आत उतरून गेला. आत्या दोन्ही बोंडं हातात घेऊन बसली. "आता दोन्ही कान माझेच," ती म्हणाली. "पण सुस्कारा कोणाबरोबर टाकू?"

माझ्या फोनच्या यादीत त्याचं नाव अजून होतं, एकदा त्याची बोंडं चुकून माझ्याच फोनला जोडली गेली होती तेव्हापासून. ‘खालचा’. शेजारी तेच बटण, विसरा. मी फोन पालथा घालून ठेवला.

दुकानात एक मुलगी आली, नवी नोकरी लागलेली. चांगला मोठा नंबर निघाला, तरी चष्मा नको म्हणाली. "पहिला महिना जाऊ दे. ओळख झाली की मग घालीन."

"अगं, तोवर समोरचं दिसणार नाही त्याचं काय?" मी नेहमीचं सुरू केलं. "लोक हाक मारतील, हात करतील, आणि तू तशीच पुढे निघून जाशील. त्यांना वाटेल तुला शिष्टपणा आलाय. एकदाच सांगून टाकायचं, की मला…"

पुढचं वाक्य मला बोलता येईना. मुलगी वाट बघत राहिली.

घरी आले, तर आत्या रागावून बसली होती. टीव्ही बंद. हे म्हणजे फारच झालं!

"खालचे उद्या सकाळी चाललेत," ती म्हणाली. "मोठं मॉडेल पोचवायला, दुसऱ्या शहरात. तिथे वर्षभराचं काम देतायत म्हणे. आत्ता निरोप घेऊन गेले. मी म्हटलं, अहो असं अचानक? तर म्हणतात, त्यांचं उत्तर मिळालं मला, राग नाही." तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "का गं नाही म्हणालीस?"

"कशाला नाही म्हणाले?"

"कशाला म्हणजे? लग्नाला!"

मी तिच्यासमोर बसले. "मला… कधी विचारलं त्याने?"

"त्या खणलेल्या रस्त्यावर. कॉफीवाल्याच्या समोर. त्यांनीच सांगितलं मला."

फळी. बस. डावी बाजू. माझा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला, आणि आत्याला सगळं समजलं. ती उठून माझ्या उजवीकडे येऊन बसली. घरात ती नेहमी तिथेच बसते.

"एक्स्चेंजमध्ये दिवसातून शंभरदा म्हणायचे मी, आवाज येत नाहीये, पुन्हा बोला. कोणी फोन आपटला नाही, कोणी मला नावं ठेवली नाहीत. ज्याला खरंच बोलायचं असतं ना, तो पुन्हा बोलतो, बाळा." तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. "आणि ज्यांना पुन्हा बोलायचा कंटाळा, त्या मावशीबाईंच्या घरी नाही गेलीस तेच बरं झालं!"

*

सकाळी मी खाली धावले, तेव्हा दारात टेम्पो उभा होता आणि तो एका लांबलचक फळीचं एक टोक धरून हवालदिल झाला होता. फळीवर शाळा होती. अख्खी! वर्ग, व्हरांडे, मैदान, बोटाएवढी झाडं, सुपारीएवढी घंटा.

"मागे ठेवलं तर हादऱ्याने जाईल," तो टेम्पोवाल्याला सांगत होता. "पुढे मांडीवरच धरायला हवं. माझा जोडीदार येणार होता, त्याची गाडी चुकली…"

"मी धरते," मी म्हणाले.

तो वळला. "तुम्ही? दुकान?"

"आज सुट्टी आहे."

"लांब आहे हो."

"मग लवकर निघायला हवं ना!"

टेम्पोवाला काका खूश झाले. "बसा ताई बसा, तुम्ही मधे बसा." बसल्यावर लक्षात आलं – काका माझ्या उजवीकडे, आणि तो… डावीकडे. शाळा आम्हा दोघांच्या मांडीवर आडवी. दोघांचेही हात तिच्याखाली अडकलेले. बाजू बदलायची सोयच नव्हती.

गाव मागे पडेपर्यंत मी धीर गोळा केला. मग मान पूर्ण डावीकडे वळवली, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत, म्हणजे उजवा कान जरा तरी समोर येईल.

"त्या दिवशी गाड्यापाशी तुम्ही काय विचारलं होतंत?"

"जाऊ द्या ना आता."

"सांगा. मोठ्याने सांगा."

त्याने शाळेच्या मैदानाकडे बघत सांगितलं, "मी म्हटलं, माझ्याबरोबर आयुष्य काढाल का? तुम्ही म्हणालात, नको, माझं झालंय मघाशीच." तो थांबला. "मी खूप विचार केला त्यावर. या वयात एखाद्याचं आयुष्य मघाशीच कसं होईल?"

मला रडू यायला हवं होतं. पण आलं हसू. खरं, पोटातून, आवरता न येणारं! शाळेची घंटा थरथरायला लागली.

"हलू नका!" तो घाबरला. "घंटा पडेल!"

"मला वाटलं… मला वाटलं तुम्ही कॉफी विचारताय!"

"कॉफी?"

"मला डाव्या कानाने ऐकू येत नाही," मी म्हणाले. बोलून टाकलं! टेम्पो चालतच राहिला, आभाळ काही पडलं नाही. "अजिबात नाही. लहानपणापासून. तुम्ही त्या दिवशी डावीकडे होतात, आणि बसचा भोंगा… मी कोणाला सांगत नाही. सांगितलं की लोक निघून जातात. तुम्हाला नाही सांगितलं, तरी निघालातच."

उजवीकडे काकांनी रेडिओ बंद केला.

"म्हणजे… बासरी?"

"नाही ऐकली. घरी जाऊन ऐकली. दोन्ही बाजू एका कानात आणून. खूप सुंदर आहे."

"मग बाकावर छान म्हणालात ते?"

"खोटं."

"आणि मी सांगितलेले विनोद?"

"कुठल्या बाजूने सांगितले होतेत, त्यावर आहे."

"नारळवाल्याचा विनोद? त्याला तर किती गोड हसला होतात तुम्ही!"

"ते हसू… माझं सगळीकडे चालतं."

आता तो हसला. खळी पडली, आणि माझ्या बाजूने ती अगदी समोर होती. "अहो, मग सगळं पहिल्यापासून परत सांगावं लागणार मला! किती काम वाढवून ठेवलंत!"

"आणि ते वर्षभराचं काम?"

"ते तुमच्या नकोमुळे घेणार होतो. अजून हो म्हटलेलं नाही त्यांना. आज शाळा पोचवायची, आणि…" पुढे रस्त्यात एक उंचवटा आला. त्याने नजर शाळेवर ठेवून, दोन्ही हातांनी फळी उचलून धरत काहीतरी म्हटलं. चाकं आपटली, पत्रा खडखडला. ओठ तेवढे हलताना दिसले.

माझं हसू अगदी ओठांवर आलं होतं. तेच, सगळीकडे चालणारं. मी ते परत पाठवलं.

"ऐकू नाही आलं," मी म्हणाले. "पुन्हा सांगा."

त्याने माझ्याकडे बघितलं. मोठा श्वास घेतला. आणि असा ओरडला, की रस्त्याकडेच्या झाडावरची पाखरं उडाली –

"माझ्याशी लग्न करणार का?"

काकांनी ब्रेकच दाबला. शाळा आम्ही कशीबशी सावरली. "ताई," काका म्हणाले, "मला ऐकू आलं. मागे गाड्या थांबल्यात. काय ते सांगून टाका!"

"हो," मी म्हणाले.

तो डोळे बारीक करून, अगदी गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे झुकला. "काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

लबाड! पण मीही झुकले. त्याच्या कानाला माझे केस लागले, गोंदाचा आणि ताज्या लाकडाचा वास आला, आणि मी पुन्हा सांगितलं – इतक्या हळू, इतक्या हळू, की ते फक्त त्याच्यापुरतंच राहिलं. त्याचा कान लालबुंद झाला.

काकांनी आरसा आमच्याकडे वळवला. "काय ठरलं मग? मला कळू द्या ना!"

"गाडी चालवा!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.